युलानची लाल बॅग

युलानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला लागून असलेल्या वाफ्यात उकिडवी बसून घोळाची भाजी खुडत होती. आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत कुठली आलीय घोळाची भाजी? मलाही तसंच वाटलं होतं. पण आदल्याच दिवशी फिरून येताना मी ती हेरून ठेवली होती. जाडसर मऊ पानं, तांबूस देठ, जमिनीलगत पसरलेली. मिरजेला आमच्या परसात यायची तशीच, तंतोतंत. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, ते वीड आहे. प्लीज, ते काहीबाही खाऊ नकोस." मी म्हटलं बरं. आणि सकाळी तो नि सूनबाई ऑफिसला गेल्यावर पिशवी घेऊन खाली उतरले. बघते तर माझ्या आधीच कुणीतरी हजर!

माझी चाहूल लागताच ती दचकून उठली. पंचविशी-सव्विशीची असेल. गोल चेहरा, पाठीवर जाडजूड वेणी, अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ शर्ट आणि पाचव्या महिन्याचं पोट. मुठीत भाजीची जुडी. चोरी पकडली गेल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातली पिशवी तिला दिसली आणि जे काही हसली, काय सांगू! जुडी वर धरून म्हणाली, "ईट?"

मी म्हटलं, "ईट! डाळ घालून. लसणाची फोडणी." यातलं तिला काय कळलं देव जाणे, पण लसूण सोलायची खूण केली तशी टाळी वाजवून म्हणाली, "गार्लिक! माय मदर से, गार्लिक!" मग बोटानं मातीत एक रेघ ओढली. अलीकडचा वाफा माझा, पलीकडचा तिचा. सख्ख्या भावांतसुद्धा वाटणी इतक्या समजुतीनं झालेली मी पाहिलेली नाही.

ही गोष्ट २००४ सालच्या जूनमधली. माझा मुलगा अभिजित आणि सून मुग्धा, दोघंही सिएटलजवळच्या रेडमंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. माझ्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात एकटी काय बसतेस म्हणून मुलानं मे महिन्यात बोलावून घेतलं. पासपोर्टवर शिक्का मिळाला सहा महिन्यांचा, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दिवसभर घरात मी, टीव्ही आणि खिडकीतून दिसणारी उंच उंच झाडं. युलान आमच्या बरोबर खालच्या घरात राहायची. तिचा नवरा ग्रेग अभिजितच्याच टीममधला. तो इथलाच, अमेरिकन. सहा फूट उंच, तांबूस दाढी, स्वभावानं अगदी गाय. चीनमध्ये सिचुआन नावाच्या प्रांतात दोन वर्षं इंग्रजी शिकवायला गेला होता, तिथे एका लहानशा गावातली ही मुलगी त्याला भेटली. लग्न करून तो तिला इथे घेऊन आला तो ऐन नोव्हेंबरच्या पावसात. युलान हे एका झाडाचं नाव आहे म्हणे. ग्रेगनं फोटो दाखवला, तर आपला कवठी चाफाच की! निदान त्याची सख्खी बहीण तरी.

तिच्या काखेत कायम एक निळा थर्मास असायचा. त्यात चहा नाही, कॉफी नाही, नुसतं कढत पाणी. जुलैच्या उन्हात सगळा गाव बर्फ घातलेलं काहीबाही पीत हिंडायचा आणि ही बाई बाकावर बसून फुंकर घालत पाणी प्यायची. झाकणात ओतून मलाही द्यायची. कुणी बर्फाचा ग्लास पुढे केला की दोन्ही हात आडवे करायची, "नो कोल्ड! माय मदर से, कोल्ड वॉटर, बॅड लेडी." म्हणजे बाई वाईट असं नव्हे, बाईमाणसाला वाईट. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा जेमतेम चार आणे बरं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मुग्धाचं नि ग्रेगचं फर्डं इंग्रजी सुरू झालं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून गप्प बसायचो. ते उठून गेले की आमच्या गप्पांना तोंड फुटायचं. ती चिनीत, मी मराठीत, अधूनमधून इंग्रजीचे खडे. भेटली की पहिला प्रश्न, "काकू, यू ईट?" कॉम्प्लेक्समधल्या मराठी पोरी मला काकू म्हणायच्या, ते हिनं उचललेलं. सकाळी दहाला भेटली तरी "यू ईट?" आणि दुपारी चारला भेटली तरी "यू ईट?" मला बाई फार बरं वाटायचं. इतर सगळे विचारायचे, 'हाऊ आर यू?' आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे गेलेले असायचे. जेवलीस का असं विचारणारी ही एकटीच.

आणि तिचं ते 'माय मदर से'! जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तिच्या आईचं मत असायचंच. ओल्या केसांनी झोपू नये, माय मदर से. भाताचं पाणी टाकू नये, माय मदर से. मुलगी परक्या देशात दिली की तिला गावची चिमूटभर माती बांधून द्यावी, पोट बिघडलं की पाण्यात टाकून प्यावी, माय मदर से. ती मातीची पुरचुंडी तिनं मला दाखवली. ती होती तिच्या लाल बॅगेत.

आता या बॅगेबद्दल सांगायला हवं. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा दाराच्या आतच भिंतीला टेकून ती उभी होती. चाकांची, मोठी, लालभडक. मला वाटलं, कुठे गावाला निघाली आहे की काय. पुढच्या वेळी गेले तरी तिथेच. हळूहळू लक्षात आलं, ही पोरगी आठ महिने झाले तरी सामान लावत नाही. ग्रेगनं कपाटाचा अर्धा भाग तिच्यासाठी रिकामा करून ठेवला होता, तो तसाच रिकामा. ही कपडे बॅगेतून काढायची, घालायची, धुवायची, वाळले की घडी करून परत बॅगेत. मी एकदा कपाटाकडे बोट दाखवलं. ती हसली आणि नुसती मान हलवली. तिथे मात्र 'माय मदर से' नव्हतं.

मी ठरवलं, हिला आधी घराबाहेर काढायचं. गाडी तिला येत नव्हती, मला तर नाहीच. राहिली बस. ग्रेगनं दहा वेळा नकाशा समजावला होता, पण ही घाबरायची. मी म्हटलं, अगं, आयुष्यभर एसटीनं हिंडलेली बाई आहे मी, बस म्हणजे बस. चल. गेलो दोघी चिनी दुकानाला. बसलो ऐटीत पुढच्या सीटवर. आमचं दुकान आलं, मी पदर सावरून उठून उभी राहिले, बस थांबलीच नाही! मी कंडक्टर शोधतेय. कंडक्टर नाहीच. पुढचा स्टॉप गेला, त्याच्या पुढचाही. मी मोठ्यांदा म्हटलं, "थांबवा हो!" ड्रायव्हरबाईनं आरशातून पाहिलं आणि खिडकीजवळच्या पिवळ्या दोरीकडे बोट केलं. ती ओढायची असते! आमच्या एसटीत कंडक्टर घंटीची दोरी ओढायचा, इथे ती उतारूनं ओढायची, मला काय स्वप्न पडलंय? चार स्टॉप मागे चालत आलो. मी वैतागलेली, आणि ही पोट धरून हसतेय. "स्लो स्लो, काकू. स्लो स्लो ऑल ओके." हेही तिचं ठरलेलं वाक्य. परत येताना मात्र तिनं दोरी अशा जोरात ओढली की सगळी बस वळून बघायला लागली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा आमची स्वारी निघायची. चिनी दुकानात मी आलं निवडायची, भारतीय दुकानात ती मिरच्या. माझा हिरव्या मिरचीचा ठेचा ती नुसत्या भाताबरोबर खायची, डोळ्यांतून पाणी काढत, "मोअर, काकू, मोअर!"

सगळं कसं छान चाललं होतं. आणि ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी ग्रेग आमच्या दारात येऊन उभा राहिला. एवढा उंच माणूस, पण खांदे पडलेले. अभिजितला म्हणाला, युलानच्या आईला व्हिसा नाकारला. दुसऱ्यांदा. आणि युलान म्हणते, मी बाळंतपणाला घरी जाते. आता गेली नाही तर पुढे विमानात घेणार नाहीत. एवढं बोलून माझ्याकडे वळला, "काकू, प्लीज. यू टॉक टू हर."

मुग्धा मला हळूच म्हणाली, "आई, तो घाबरलाय. त्याला वाटतंय, ती गेली तर परत येणार नाही." मला ते सांगायला नकोच होतं. दाराशी नऊ-दहा महिने बॅग उभी आहे, ती काय उगाच?

खाली गेले. युलान बॅगेसमोर जमिनीवर बसून बाळाचे कपडे भरत होती. डोळे सुजलेले. मी शेजारी बसकण मारली. म्हटलं, "व्हाय गो?" ती म्हणाली, "हू डू मंथ, काकू? हू डू मंथ?" मला काही कळेना. मग तिनं बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. बाळ आलं की एक महिना. घराबाहेर जायचं नाही. वारा लागू द्यायचा नाही. गार पाण्यात हात घालायचा नाही. जड उचलायचं नाही. डोक्याला बांधून पडून राहायचं आणि आईनं करून घातलेलं गरम गरम खायचं. हे केलं नाही तर म्हातारपणी हाडं दुखतात, माय मदर से. ग्रेगला काही समजत नाही. तो म्हणतो, त्याची बहीण तर चौथ्या दिवशी बाजारात गेली होती. हे सांगताना ती अशी शहारली, जणू ती बहीण चौथ्या दिवशी वारलीच होती.

मी थक्क होऊन ऐकत होते. अगं बाई, हा तर आपला सव्वा महिना! माझ्या सासूबाईंनी मला दोन्ही वेळा कानाला फडकं बांधून असंच तर निजवलं होतं. इतके दिवस मी समजत होते, हे सगळं आपल्या चार जिल्ह्यांतच चालतं. मी तिचा हात धरला आणि काही विचार न करता बोलून गेले, "आय डू. आय डू मंथ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "आस्क माय मदर."

आणि मग झाली माझी मुलाखत. उभ्या आयुष्यात मी नोकरी केली नाही, पण मुलाखत दिली ती ही, चीनच्या बाईंना, फोनवर. ग्रेगनं फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. तिकडून आईचा खणखणीत सूर, मध्ये युलान दुभाषी. मदर आस्क, किती बाळंतपणं केलीस? मी बोटं दाखवली: स्वतःची दोन, जावा-भाच्यांची मिळून अकरा. पलीकडचा सूर जरा नरमला, वजन पडलं असावं. मदर आस्क, गार पाणी? मी ओरडले, "नो!" मदर आस्क, वारा? "नो!" मदर आस्क, आलं? "यस, यस! आलं, सुंठ, तीळ, गूळ!" आतापर्यंत मी पहिल्या नंबरानं पास होत होते. आणि मग आईनं विचारलं, दूध उतरायला डुकराचे पाय शिजवून द्यावे लागतात, शेंगदाणे घालून. ते करशील?

आता आली का पंचाईत! मी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. युलान माझ्याकडे बघतेय, ग्रेग माझ्याकडे बघतोय, फोनमधून ती माउली श्वास रोखून ऐकतेय. खोटं बोलावं तर बाळंतिणीशी खोटं बोलू नये. मी उठले, ग्रेगच्या दंडाला धरून त्याला फोनजवळ ओढला आणि म्हटलं, "ही डू. आय स्टँड." म्हणजे हा शिजवेल, मी समोर उभी राहून करून घेईन. युलाननं ते चिनीत सांगितलं. आणि फोनमधून असा हसण्याचा धबधबा आला की विचारू नका. मी पास झाले.

पण युलाननं बॅग काही कपाटात रिकामी केली नाही. नुसती बंद केली आणि परत दाराशी उभी केली. मी ते पाहिलं. म्हटलं, असू दे. स्लो स्लो.

बाळ ऑक्टोबरच्या मध्यावर यायचं होतं. मी कॅलेंडरवर हिशेब मांडला होता, तिचा महिना संपून माझा शिक्का संपायला सहा दिवस उरत होते. आपला सव्वा महिना बसत नव्हता, पण चिनी महिना तीस दिवसांचा, त्यात भागत होतं. आणि बाळ येईचना! एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी रोज जिना उतरून तिच्या पोटाकडे बघून म्हणायची, "अगं ये गं बाई, काकूचा शिक्का संपतोय." शेवटी आली एकदाची, मुलगी. ग्रेगच्या नाकाची आणि आईच्या डोळ्यांची.

हॉस्पिटलात मी थर्मास घेऊन गेले. नर्स बिचारी फार प्रेमळ. युलानला शाबासकी दिली आणि बर्फानं काठोकाठ भरलेला पाण्याचा भलामोठा पेला तिच्यासमोर धरला. युलान आणि मी एकदमच ओरडलो, "नो!" नर्स दोन पावलं मागे सरली. नुकती बाळंत झालेली बाई आणि नऊवारीच तेवढी नेसायची राहिलेली म्हातारी, दोघी एका सुरात! मी थर्मास उघडून सुंठीचं पाणी ओतलं. युलाननं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, नाऊ मंथ स्टार्ट."

त्या महिन्याच्या गोष्टी सांगायला बसले तर महिनाच लागेल. डुकराच्या पायांची सांगते. ग्रेग शेगडीपाशी ॲप्रन बांधून. फोनवर आई हुकूम सोडतेय. आतल्या खोलीतून युलान पलंगावरून इंग्रजी करतेय. आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, नाकाला पदर लावून, हातात लांब पळी. "स्लो गॅस, ग्रेग! फेस काढ, फेस!" पातेल्यात मी एकदाही डोकावले नाही, पण नुसत्या आवाजावरून सांगत होते, आता पाणी कमी झालं. शिजणं ते शिजणंच, त्याचा आवाज काय वेगळा असतो? माझ्याकडून सकाळी अळिवाची खीर, दुपारी लसूण घालून मऊ भात, मधल्या वेळी डिंकाचा लाडू. तिनं सगळं खाल्लं. आईला फोनवर सांगितलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी आईनं निरोप पाठवला, त्या लाल बियांची खीर चालू ठेवा.

भांडलो फक्त अंघोळीवरून. बाळंतिणीला रोज तेल लावून कढत पाण्यानं डोक्यावरून न्हाऊ घालायचं, हे माझं. महिनाभर केसांना पाण्याचा थेंब लागता कामा नये, हे तिचं. मी म्हटलं, "तीस दिवस? अगं, वास मारेल!" ती म्हणाली, "वास ओके. हेडेक नॉट ओके. माय मदर से." फोन लावला. दोन्ही आया आपापल्या भाषेत तावातावानं पंधरा मिनिटं बोलल्या. शेवटी तह झाला. अंगाला तिळाचं तेल नि आल्यानं उकळलेल्या पाण्यानं पुसणं मंजूर, केस नामंजूर. मी हरले. त्या वेणीकडे बघून मला रोज कसंतरी व्हायचं, पण शब्द म्हणजे शब्द.

धुरीला मात्र ती एका पायावर तयार. म्हणाली, आमच्याकडेही औषधी पाल्याचा धूर करतात, धुरानं वारा पळतो. मग काय! ग्रेगला बाल्कनीत कोळसे पेटवायला लावले, लोखंडी तव्यात निखारे आत आणले, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. युलान खुर्चीत घोंगडी पांघरून बसलेली, खाली मी तवा धरून. सुरेख धूर झाला. आणि छतावरच्या त्या पांढऱ्या वाटीनं, धुराच्या अलार्मनं, असा टाहो फोडला! आधी युलानच्या घरातली, मग शेजारची, मग सगळ्या बिल्डिंगची. लोक छत्र्या घेऊन पार्किंगमध्ये. पाच मिनिटांत घंटा वाजवत लाल बंब दारात.

शिरस्त्राण घातलेला एक धिप्पाड गडी आत आला आणि म्हणाला, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता बाहेर. बाहेर पाऊस, वारा. युलाननं घोंगडी घट्ट लपेटली. "नो आउट! वन मंथ! माय मदर से!" मी तिच्यापुढे हात पसरून उभी. "नो आउट!" त्यानं खाली पाहिलं, तवा दिसला. "बार्बेक्यू?" मी म्हटलं, "नो बार्बेक्यू. बेबी. मदर. गुड स्मोक." ग्रेगनं दाढीत हसू लपवत काय ते समजावून सांगितलं. त्या गड्यानं निखारे बाहेर नेऊन विझवले आणि म्हणाला, ठीक आहे, निदान खिडक्या उघडा. आम्ही दोघी परत एकदम, "नो विंडो!" शेवटी बाथरूमच्या पंख्यावर तडजोड झाली. एवढ्या गदारोळात बाळ गाढ झोपलेलं. जाताना तो गडी पाळण्यात डोकावून म्हणाला, ही मुलगी पुढे कशालाच घाबरणार नाही.

तिसाव्या दिवशी महिना पुरा झाल्याचा त्यांचा सण असतो, लाल रंगवलेली अंडी वाटतात. माझं विमान त्याच्या दोन दिवसांनी. सणाच्या सकाळी युलान तासभर न्हायली. बाथरूममधून तिचं गाणं ऐकू येत होतं. मी वर घरात सामानाशी झटापट करत होते. मुलानं, सुनेनं इतकं काय काय घेऊन दिलं होतं की माझ्या दोन्ही बॅगा भरून वर ढीग उरला. मुग्धा म्हणाली, "आई, थांबा, संध्याकाळी नवी बॅग आणू." इतक्यात दार वाजलं. युलान उभी. केस मोकळे, ओले, चकचकीत, गालांवर लाली. एका हातात लाल अंड्यांची वाटी, दुसऱ्या हातात ती लाल बॅग.

"काकू, यू टेक."

मी म्हटलं, "अगं, तुझे कपडे?"

"क्लोजेट," ती म्हणाली. जणू त्यात काय विशेष.

मी बॅग उचलली, हलकी फुल्ल. उघडली, आत रिकामी. फक्त कोपऱ्यात मातीचे चार कण सांडलेले. मी ते झटकले नाहीत. तिच्या तोंडाकडे बघून काही बोलायला गेले, तर मला बोलताच येईना. मला! मुग्धा आजही त्यावरून चिडवते. युलाननंच माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "काकू, यू ईट?"

ती बॅग तीन वर्षं मिरजेला माझ्या पलंगाखाली होती. मधल्या काळात युलानच्या आईला व्हिसा मिळाला, ती येऊन राहून गेली. युलान गाडी शिकली, लायब्ररीत लहान मुलांना चिनी गोष्टी वाचून दाखवायला लागली. दर दिवाळीला न चुकता तिचा फोन.

आणि २००७ साली मुग्धाला दिवस गेले. तिला आई नाही, ती शाळेत असतानाच गेली. त्यामुळे मीच जाणार हे ठरलेलं, तिकीट काढलेलं. आणि जायच्या बारा दिवस आधी मी मोरीत पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरूण. पडल्या पडल्या मला पायाचं दुखणं कळत नव्हतं, एकच डोक्यात, पोरीचा सव्वा महिना कोण करणार? फोनवर रडायलाच आलं. पलीकडून अभिजित म्हणाला, "आई, थांब, कुणीतरी बोलतंय." आणि तोच आवाज, "काकू, नो क्राय. आय डू मंथ."

मी शेजारणीकडून पलंगाखालची लाल बॅग बाहेर ओढून घेतली. डिंक, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, खसखस, सगळं पुड्या बांधून भरून घेतलं आणि ओळखीचे एक काका मुलाकडे सिएटलला निघाले होते त्यांच्याबरोबर ती बॅग परत रेडमंडला रवाना केली.

नातू झाला. आठव्या दिवशी मुग्धाचा फोन, रडवेला आणि हसरा, दोन्ही. "आई, ही बाई मला फ्रिजचं दार उघडू देत नाही! मोजे घालून झोपवते. आणि आज धुरी दिली."

मी दचकले. "अगं, मग तो अलार्म?"

"स्टुलावर चढून आधी त्याला शॉवर कॅप घातली तिनं. सगळ्या तयारीनिशी आलीय. खीरही तुमच्यासारखीच, जायफळ घालून. ते सगळं ठीक आहे, पण रोज कढत पाण्यानं डोक्यावरून न्हाऊ घालते हो! चटके बसतात. मी म्हटलं, तुमच्यात महिनाभर केस धुवायचे नसतात ना, मग माझेही राहू दे की! चिनी पद्धतीनं करू. तर कंबरेवर हात ठेवून म्हणते कशी—"

"कशी?"

"'नो, नो, मुग्धा. वॉश. माय काकू से.'"